मधल्या गावी उतरायचंय

४ मार्च, मंगळवार

दुरुस्ती. रविवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की बाबांचे विमानप्रवासातून साठलेले मैल, ज्यांवर फुकट तिकीट मिळतं, ते वर्षअखेरीला बाद होतात, त्यामुळे घाई नाही. हे चूक आहे. ते याच महिन्याच्या एकतीस तारखेला बाद होतात. मी कॅलेंडरचं वर्ष धरलं होतं. विमान कंपनी शेवटच्या प्रवासापासून तीन वर्षं धरते, आणि बाबांचा शेवटचा प्रवास मार्चमधला होता.

चुकीचं वाक्य खोडलेलं नाही. आमच्या घरातल्या शाळेचा तो पहिला नियम. खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची, म्हणजे आपण कुठे घसरलो ते दिसत राहतं. अकरा वर्षांची होईपर्यंत मी त्याच शाळेत होते. शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, मास्तर म्हणजे आई आणि अभ्यासक्रम म्हणजे बाबांचा प्रवास. बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणारी यंत्रं बसवायला देशोदेशी जायचे. ते जिथे जातील तिथला भूगोल, तिथलं हवामान, तिथल्या नाण्यांची गणितं. फ्रिजशेजारच्या भिंतीवर नकाशा आहे, त्यावर अजून टाचण्या आहेत. आई फ्रिजचं दार उघडताना त्यांना धक्का लागू नये म्हणून कोपर आत घेते. तिला आता ते कळतही नसेल.

कुठेही जायचं असलं तरी बाबांचं विमान एकाच शहरात बदलायचं. त्या शहराला आमच्याकडे नावानं कुणी हाक मारत नाही. ते 'मधलं गाव'. बाबा तिथून फोन करायचे, कारण पुढे कारखान्यात वेळ मिळायचा नाही. त्यामुळे सगळ्यात जास्त धडे मधल्या गावाचे झाले. नदीवरचा दगडी पूल, पुलाच्या मनोऱ्यावरचं एकच काटा असलेलं घड्याळ, छत्र्या दुरुस्त करणारे आजोबा. मला ते गाव आमच्या गल्लीपेक्षा नीट माहीत आहे.

आई अजून एकदाही विमानात बसलेली नाही. मैल एकतीसच्या आत तिकीट काढून वापरले तर बसेल, प्रवास नंतर केला तरी चालतो. नाही वापरले तर आमच्या पगारात ते कधी जमेल असं मला वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

६ मार्च, गुरुवार

मामा आला होता. या विषयात त्याचा शब्द शेवटचा, निदान त्याच्या मते. त्याने मैलांवर चार वेळा प्रवास केला आहे आणि प्रत्येक वेळी आम्हाला सगळं सविस्तर ऐकावं लागलं आहे.

"ताई, लांबचं घ्यायचं. जितकं लांब तितके मैल वसूल. जवळचं तिकीट काढणं म्हणजे मैल पाण्यात घालणं!"

"अरे पण लांब म्हणजे कुठे?" आईने विचारलं.

"मोठं तळं आहे ना, तिथे. सगळे तिथेच जातात."

"सगळे तिथेच जातात तर मग मला जागा कुठे असणार?" आई म्हणाली.

पण मामाने एक फार कामाचं सांगितलं. लांबच्या तिकिटावर वाटेत एका शहरात उतरून चार-पाच दिवस मुक्काम करता येतो आणि त्याचे जास्त मैल पडत नाहीत. तळ्याकडे जाणारं विमान कुठे बदलतं ते मी लगेच पाहिलं. मधलं गाव! मी इतक्या जोरात ओरडले की मामाच्या बशीत चहा सांडला.

बाबांचे मैल तळ्यापर्यंत दोन माणसांना पुरतात. बाबा म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मला आता विमान नको. तीस वर्षं रांगेत उभा होतो."

मग थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मध्ये कशाला उतरताय? सरळ तळ्यावर जा. मधल्या गावात आता काही उरलेलं नाही. पूल-बील सगळं बंद असेल."

मी म्हटलं, मी बघून घेते. पाहिलं. पूल चालू आहे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "असं का? बरं," आणि मिक्सर दुरुस्त करायला बसले. मिक्सर बिघडलेला नव्हता.

९ मार्च, रविवार

मुक्कामाचं तिकीट कंपनीच्या वेबसाइटवर निघत नाही. ती फक्त विमान बदलायला दोन तास देते. पाच दिवस हवे असतील तर फोन करावा लागतो.

मला फोन करणं जमत नाही. समोर माणूस असला तर जमतं. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर अनोळखी लोकांच्या नाकावर फ्रेम बसवते, कानामागे बोट घालून दांडी बघते, त्याचं काही वाटत नाही. पण फोनवर चेहरा दिसत नाही, आणि माझं वाक्य चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची सोय नाही. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लावला. रिंग वाजली, मी ठेवला. काल परत तेच.

दुकानाच्या मालकीणबाई बघत होत्या. "फोन चावतो का गं तुला?"

"नाही, काय बोलायचं ते लिहून घेते आधी."

"लिहून काय घेतेस, भाषण आहे का? सोमवारी दुकान बंद असतं, घरी बस आणि लाव. मंगळवारी मी विचारणार आहे, आणि लावला नसलास तर काचा पुसायच्या सगळ्या. शोकेसच्यासुद्धा."

शनिवार-रविवार तिथलं मैलांचं ऑफिस बंद असतं. हे काल मला माहीत होतं. म्हणजे काल मी फोन लावला तो कुणी उचलणार नाही हे माहीत असताना लावला. हे इथे लिहून ठेवते.

१० मार्च, सोमवार

लावला. उचलला गेला. एक बाई होत्या, त्यांना सर्दी झाली होती. त्यामुळे मला धीर आला.

बाबांचा सभासद क्रमांक सांगितला. त्या म्हणाल्या, "बोला." पुढे काहीतरी म्हणणार तोच मी म्हटलं, "मी ते नाही, मी त्यांची मुलगी आहे." आई शेजारीच भाजी निवडत होती, तिने कपाळाला हात लावला. बाई म्हणाल्या, आवाजावरून थोडी कल्पना आली होती. माहिती त्या मला देतील, पण तिकीट काढायचं तर सभासदाने स्वतः फोनवर यायला हवं, आपलं नाव सांगून 'माझ्या मुलीशी बोला' एवढं तरी म्हणायला हवं.

मग मी दोन जागा, तळ्यापर्यंत, मधल्या गावात पाच दिवस मुक्काम, असं सगळं कागदावरून वाचलं. त्यांनी मध्येच विचारलं, "तळ्यावर तुमचं कुणी आहे का?"

"नाही."

"मग काही खास बघायचंय?"

"नाही. मामा म्हणाला."

त्या हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "मग पुढे जायचं कशाला?" मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं. आपण कुठे जावं हे कंपनीने का विचारावं? मी आभार मानून फोन ठेवला.

आईचं म्हणणं, "जाड आवाज काढून बाबा झाली असतीस तर आत्ता तिकीट हातात असतं."

"आई! तूच शिकवलंस ना खोटं बोलायचं नाही?"

आई एकदम भाजी फार बारकाईने निवडायला लागली.

१२ मार्च, बुधवार

बाबांनी फोनवर यायला हवं, हे त्यांना सांगितलं. "बघू," म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही, पण भांडण नको.

त्यांना गोडी लागावी म्हणून मी पाच दिवसांचा बेत आखून त्यांच्याकडे नेला. म्हटलं, तुम्हीच तपासा, तुम्हाला सगळं माहीत आहे. विमानतळावरून पुलाकडे कसं जायचं?

"निळी बस," बाबा म्हणाले. लगेच म्हणाले.

"आणि उतरायचं कुठे?"

"शेवटी."

"पुलाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे. म्हणजे, पलीकडेच म्हण."

"आणि छत्रीवाले आजोबा कुठल्या रस्त्यावर बसायचे?"

"रस्त्यावर नाही... असायचे तिथेच. इन्स्पेक्टरबाई, चहा घेणार का?"

बाबा मला लहानपणापासून इन्स्पेक्टर म्हणतात, पण चहा कधी स्वतः करत नाहीत. आज केला.

विमानतळाबद्दल विचारलं तर सगळं खडा न् खडा. तिसऱ्या दाराजवळच्या खुर्च्या हिरव्या, त्यातली कडेची डुगडुगते. पाण्याचा नळ दाबला की आधी फुसकन् हवा येते. आणि पुलाबद्दल विचारलं की सगळं धूसर.

मला भीती वाटते आहे. जुनं तेवढं आठवणं आणि बाकीचं पुसट होणं, असं एका आजारात होतं म्हणतात. पण विमानतळही जुनाच की. काय समजावं?

१५ मार्च, शनिवार

बाबांची परीक्षा घेतली, त्यांना कळू न देता. पहिल्या यंत्राचं मॉडेल, त्याच्या पट्ट्याची रुंदी, मामाच्या लग्नात बँडवाले उशिरा का आले. सगळं बरोबर. घड्याळाचा काटा कोणत्या बाजूला वळलेला असायचा? "वेळेप्रमाणे," म्हणाले.

हे उत्तर चूक आहे असं म्हणता येणार नाही.

दुकानात डोळे तपासायला येतात त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी स्मृती तपासणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. शुक्रवारची वेळ घेतली. फोनवरून. एका दमात. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की या वेळी मी काहीही लिहून घेतलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार

आज झालं ते जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते.

दुकानातून आले तेव्हा आई कांदा चिरत होती आणि बाबा स्टुलावर चढून दिवा बदलत होते. मी ठरवून अगदी साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, शुक्रवारी आपण एका डॉक्टरांकडे जाऊ या. नुसतं दाखवून येऊ."

"कुणाला काय झालंय?"

"तुम्हाला. म्हणजे झालं नसेलही. विसरायला होतंय ना तुम्हाला थोडं."

"मला? काय विसरलो मी?"

"मधलं गाव," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. तीन दिवस आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

बाबा स्टुलावरून उतरले. जुना दिवा हातातच होता. आई सुरी खाली ठेवून म्हणाली, "सांगा आता तिला. नाहीतर ती डोक्याचा फोटो काढायला लावेल तुम्हाला."

"मी विसरलो नाही गं," बाबा म्हणाले. "मी त्या गावात कधी गेलोच नाही."

मला वाटलं, हाच तो आजार.

"विमानतळाबाहेर पाऊल टाकलं नाही. बाहेर पडायचा परवाना नसायचा माझ्याकडे, कंपनी कशाला काढून देईल? दोन तास, तीन तास, पुढचं विमान. वरच्या मजल्यावर एक मोठी काच होती. तिथून खाली बस दिसायची. निळी. ती कुठे जायची मला काय माहीत."

"पण तुम्ही मला फोनवर सांगायचात. पूल. मनोरा."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आधी फोन मी घ्यायचे ना? मी पुस्तकातलं त्यांना सांगायचे, मग तुझ्याकडे द्यायचे. मी सांगितलेलं तू दुपारपर्यंत विसरायचीस. बाबांनी सांगितलेलं झोपेत बडबडायचीस. काय करणार मग? धडा पक्का व्हायला हवा होता."

"आणि काटा? दर वेळी काटा कुठे आहे ते सांगायचात!"

"माझ्या मनगटावरचं घड्याळ बघून सांगायचो," बाबा म्हणाले. "तिथल्या वेळेला लावलेलं असायचं. त्यात काही खोटं नव्हतं."

आई हसायला लागली. हसता हसता तिने कांद्याच्या हाताने डोळे पुसले, मग ओरडत नळाकडे धावली. मला एकदम आठवलं म्हणून मी विचारलं, "छत्रीवाले आजोबा कुठल्या पुस्तकात होते?"

नळाखालून आई म्हणाली, "ते माझ्या पुस्तकात नव्हते. मला वाटायचं, हे पदरचं घालतात."

"ते होते," बाबा म्हणाले. "आत होते, विमानतळावरच. लोक विमानात विसरतात त्या वस्तू जमा करायची खिडकी होती, तिच्या शेजारी बसायचे. विसरलेल्या छत्र्यांच्या काड्या नीट करायचे, म्हणजे मालक आला तर चांगली छत्री हातात पडावी. मी त्यांना पक्कड धरायला मदत करायचो. तेवढं एक मी खरं पाहिलं."

दुरुस्ती, एकूण सगळ्या नोंदींना: बाबांची स्मरणशक्ती उत्तम आहे. डॉक्टरांची वेळ रद्द करायला उद्या फोन करणार.

१९ मार्च, बुधवार

केला. जमला.

मला राग आला आहे का, हे दिवसभर आत शोधून पाहिलं. एका काकांच्या चष्म्याची दांडी दोनदा उलटी वाकवली, एवढंच. राग सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. त्या गावाचं नाव काढलं की बाबा मिक्सर उघडतात, दिवे बदलतात. मी समजत होते, त्यांना विमानाचा कंटाळा आहे. त्यांना भीती होती की मी तिथे जाईन, आणि तिथलं काहीतरी त्यांनी सांगितलेल्यासारखं नसेल.

म्हणून संध्याकाळी मी जाहीर केलं की दोन जागा आई आणि बाबांच्या. मी घरी राहीन. (मला वाईट वाटलं. हेही लिहून ठेवते.)

आई म्हणाली, "मुळीच नाही. तुम्ही बापलेक जा. मी शिकवलंय ते गाव, मला पाठ आहे."

बाबा म्हणाले, "मी निम्मं आयुष्य विमानात काढलं, तुम्ही दोघी जा."

"निम्मं आयुष्य विमानात, आणि पाहिलं काय? छत्र्या!"

"अगं, पण तुझं तर एकदाही..."

"माझं माझं काय करता? मी काय गाठोडं आहे का, उचललं आणि ठेवलं विमानात?"

असं बराच वेळ चाललं. तिघंही दुसऱ्याला जागा देत होतो आणि तिघांचाही आवाज चढत होता. शेजारच्यांना वाटलं असेल इस्टेटीवरून जुंपली आहे.

शेवटी बाबा नकाशासमोर जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. म्हणाले, "हे बघा, न्यायचंच असेल मला तर तळ्यावर नेऊ नका. त्या काचेच्या पलीकडे जाऊ दे. निळ्या बसमध्ये बसतो, पूल बघतो, आणि तिथूनच घरी परततो. पुढचं विमान नको मला. आयुष्यभर पुढचंच विमान धरलंय."

आईने फ्रिजचं दार उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

मला सर्दी झालेल्या बाईंचा आवाज आठवला. *मग पुढे जायचं कशाला?*

जगातल्या कुठल्याही माणसाला हे पहिल्या दिवशी सुचलं असतं. पण आमच्या घरात मधल्या गावाला कुणी *जात* नाही. ते नेहमी दुसरीकडे जाताना वाटेत लागतं. तिथे जाऊन थांबता येतं, परतता येतं, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी दोन आठवडे एका तळ्यामागे धावत होते, जे आमच्यापैकी कुणालाही बघायचं नव्हतं, फक्त वाटेत उतरायला मिळावं म्हणून.

कंपनीचा तक्ता पाहिला. मधलं गाव जवळच्या टप्प्यात मोडतं, म्हणून मैल बरेच कमी पडतात. तीन जागा होतात. परत मोजलं. तीनच होतात. आईला मोजायला दिलं. तिने वर्गात द्यायची तशी बरोबरची खूण केली.

२१ मार्च, शुक्रवार

मामाला सांगितलं. तो खुर्चीतून उठला. "एवढ्या मैलांत एवढंसं? ताई, पाण्यात घातलेस! तळं म्हणजे काय, तुला कल्पना नाही!"

"तू चार वेळा फिरलास ना रे," आई म्हणाली, "त्यातलं तुला काय आठवतं?"

मामाने बराच विचार केला. "तळ्यावर वारा फार होता," म्हणाला, आणि बसला.

बाबा फोनवर यायला तयार आहेत. तयार म्हणजे, आईने त्यांना टेबलाशी बसवून घोकून घेतलं. नाव सांगायचं, क्रमांक सांगायचा, 'माझ्या मुलीशी बोला' म्हणायचं, आणि पदरचं काही घालायचं नाही. बाबांनी तीनदा बरोबर म्हटलं. चौथ्यांदा म्हणाले, "आणि खिडकीशेजारची जागा द्या." आई म्हणाली, हे पदरचं आहे. बाबा म्हणाले, "हे खरं आहे."

वेबसाइटवर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच विमानात तीन जागा दिसत आहेत. मी दुकानात असताना दोनदा पाहिलं, मालकीणबाईंनी एकदा पकडलं. त्या म्हणाल्या, रजा आत्ताच मांडून ठेव, आणि येताना मला एक छत्री आण. (हे मी त्यांना का सांगितलं कोण जाणे. मी आजकाल फार बोलते.)

ते आजोबा आता असतील का? इतक्या वर्षांनी नसतीलच. पण विसरलेल्या वस्तूंची खिडकी असेल. बाबा म्हणतात, तिथे आधी जाऊ, मग बस. आई म्हणते, आधी पूल, आणि काटा खरंच एकच आहे का ते ती स्वतः मोजणार आहे. तो दोन निघाला तर ती खाली दुरुस्ती लिहील. तिच्या पुस्तकात, शाईने.

मला भीती वाटते का? वाटते. सोमवारपर्यंत जागा जातील याची, बाबा नाव सांगताना अडखळतील याची, त्या बाई सुट्टीवर असतील आणि दुसरंच कुणी उचलेल याची. शिवाय सगळं ठीक होऊन आम्ही तिथे पोहोचू आणि मग मी काय करीन, याचीही. पण ही शेवटची भीती बाकीच्यांसारखी नाही. तिच्यामुळे आत्ताच बॅग भरायला घ्यावीशी वाटते.

आज तिथलं ऑफिस बंद झालं. शनिवार-रविवार बंदच. या वेळी त्या दोन दिवसांत मी फोनला हात लावणार नाही.

कागदावर फक्त एक वाक्य लिहून ठेवलं आहे: आम्हाला पुढे जायचं नाही, तिथेच उतरायचंय.

सोमवार, २४ मार्च, सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या. फोन मी लावणार.